तो एक प्रश्न विचारायचा कसा?

बारावीच्या वर्गातील एखादी मुलगी महाविद्यालयाच्या समुपदेशकासमोर बसलेली आहे, अशी कल्पना करावी. चाचणीतले कमी गुण, घरातील ताणतणाव, रात्र रात्र न लागणारी झोप असे सारे सांगून झाल्यावर ती मान खाली घालून म्हणते, "आता सगळ्याचाच कंटाळा आलाय. एकदाचं सुटावंसं वाटतं." खोलीत क्षणभर शांतता पसरते. या शांततेनंतर समुपदेशक जे पहिले वाक्य उच्चारतो, त्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. "अगं, असं काय बोलतेस? तुझ्यापुढे सारं आयुष्य पडलंय," हे वाक्य मायेपोटी आलेले असते, पण त्याने संवाद तिथेच थांबतो. "सुटावंसं वाटतं म्हणजे नेमकं काय वाटतं? आयुष्य संपवावं, असा विचार मनात येतो का?" हे वाक्य कानाला कठोर लागते, पण त्यामुळे त्या मुलीला पुढे बोलता येते. पहिले वाक्य कोणालाही सहज सुचते. दुसरे मात्र शिकावे लागते आणि त्याचा सराव करावा लागतो.

हे शिक्षण आपल्याकडे कोणाला, किती आणि कसे मिळते, हा प्रश्न आता ऐरणीवर आला आहे. त्याला कारण आहे सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेला निकाल. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्यायालयाने देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, ही त्यांतील एक प्रमुख सूचना होय. शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, धोक्याची लक्षणे ओळखणे आणि स्वतःला इजा करून घेणाऱ्या विद्यार्थ्याला प्रतिसाद देणे या गोष्टी त्यांना शिकवाव्यात, असेही न्यायालयाने म्हटले आहे.

या सूचनांमागील वास्तव गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतील १३ हजार ४४ विद्यार्थी होते. राज्यांमध्ये सर्वाधिक, म्हणजे २२ हजार ७४६ मृत्यू महाराष्ट्रात नोंदले गेले. समुपदेशकांची संख्या वाढायला हवी, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मात्र नेमणुकीचे पत्र हाती पडल्याने आत्महत्येच्या उंबरठ्यावरील व्यक्तीशी कसे बोलावे, याचे ज्ञान आपोआप येत नाही.

समुपदेशक म्हणजे कोण?

मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकशास्त्राचा पदवीधर असतो आणि तो औषधे देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाच्या शिक्षणाचे नियमन व नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद करते. समुपदेशकाच्या बाबतीत अशी स्पष्टता दीर्घकाळ नव्हती. मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी, समाजकार्यातील पदवी, वर्षभराची पदविका किंवा काही आठवड्यांचा अभ्यासक्रम अशा कोणत्याही वाटेने आलेल्या व्यक्तीला समुपदेशक म्हटले जाई. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याने वर्तनविषयक आरोग्यसेवा देणाऱ्या व्यावसायिकांचा आपल्या कक्षेत समावेश केला आणि या क्षेत्राला नियमांची चौकट मिळण्याची वाट मोकळी झाली. परंतु पदवी आणि आत्महत्याप्रतिबंधाचे कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त, मानसिक चाचण्या आणि संशोधनपद्धती यांवर उत्तम गुण मिळवलेला विद्यार्थीदेखील "मला जगायचं नाही" हे वाक्य प्रत्यक्ष ऐकल्यावर गडबडू शकतो.

याउलट, औपचारिक पदवी नसलेली माणसे योग्य प्रशिक्षणाने हे काम करू शकतात, हे या क्षेत्राच्या इतिहासानेच दाखवून दिले आहे. लंडनमधील धर्मोपदेशक चॅड वॅरा यांनी १९३५ मध्ये एका किशोरवयीन मुलीचा अंत्यविधी केला होता. मासिक पाळी सुरू झाल्यावर आपल्याला काहीतरी लांच्छनास्पद रोग जडला, असा समज होऊन तिने जीव दिला होता. ही घटना विसरता न आलेल्या वॅरा यांनी १९५३ मध्ये निराश व्यक्तींसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. तिथे त्यांना एक अनपेक्षित गोष्ट आढळली. वॅरा यांना भेटायला येणारी माणसे बाहेर थांबलेल्या स्वयंसेवकांशी चहा घेत बोलत आणि त्यांतील अनेकांना वॅरा यांच्या भेटीची गरजच उरत नसे. यातूनच 'समॅरिटन्स' ही स्वयंसेवकांची संघटना उभी राहिली. पुढे १९५८ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजलिस येथे एडविन श्नाइडमन आणि नॉर्मन फारबेरो यांनी सहकाऱ्यांसह आत्महत्याप्रतिबंध केंद्र स्थापन करून या कामाला संशोधनाची जोड दिली.

भारतात डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये चेन्नईत 'स्नेहा' ही संस्था सुरू केली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये 'आयकॉल' ही समुपदेशन सेवा आरंभली. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून कार्यरत आहे.

विचारल्याने विचार रुजत नाही

प्रशिक्षणाची पहिली पायरी असते ती समुपदेशकाच्या स्वतःच्या मनातील समजुती तपासण्याची. आत्महत्या म्हणजे भ्याडपणा, बोलून दाखवणारा कधी करत नाही, हा निव्वळ लक्ष वेधून घेण्याचा प्रकार आहे, अशा धारणा शिकल्या-सवरलेल्या माणसांतही खोलवर असतात. समुपदेशक हा याच समाजातून आलेला असतो. त्याच्या कपाळावरची एखादी आठीदेखील समोरच्याला बरेच काही सांगून जाते.

यांतील सर्वांत चिवट समजूत म्हणजे, आत्महत्येविषयी थेट विचारले तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही होय. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांमधील २ हजार ३४२ विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही समजूत तपासण्यात आली. ज्यांना आत्महत्येविषयी प्रश्न विचारले गेले आणि ज्यांना विचारले गेले नाहीत, अशा दोन गटांची तुलना केली असता प्रश्नांमुळे त्रास किंवा आत्महत्येचे विचार वाढल्याचे आढळले नाही. पुढील संशोधनानेही याच निष्कर्षाला दुजोरा दिला. ज्याच्या मनात हा विचार घोळत असतो, त्याला बहुधा कोणीतरी न दचकता विचारल्याने हायसेच वाटते.

असे असूनही प्रश्न विचारणे टाळले जाते. अमेरिकेतील १४ हेल्पलाइन केंद्रांवरील संवाद ऐकून केलेला ब्रायन मिशारा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विश्लेषण केलेल्या १ हजार ४३१ संवादांपैकी जवळजवळ निम्म्यांत आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारलेच गेले नव्हते. हे दूरध्वनी आत्महत्याप्रतिबंधासाठीच्याच सेवेवर आलेले होते, हे विशेष. केवळ नियमावलीत लिहून ठेवल्याने किंवा वर्गात एकदा सांगितल्याने ही सवय लागत नाही, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

मराठी समाजात या प्रश्नाला भाषेचा आणखी एक पदर आहे. "डोळे मिटावेत असं वाटतं", "माझ्यामागे घरच्यांची कटकट तरी मिटेल", "नकोसं झालंय", "आता माझं काय राहिलंय?" अशा आडवळणाच्या शब्दांत मरणाची इच्छा व्यक्त होते. वयस्कर व्यक्ती "देवानं उचलावं" असे म्हणते, तेव्हा ती बोलण्याची लकब आहे की त्यामागे खरोखरीची इच्छा आहे, हे विचारल्याखेरीज कळत नाही. प्रश्न कसा विचारला जातो, यालाही महत्त्व आहे. "तसला काही वेडावाकडा विचार तर नाही ना करत?" या प्रश्नात 'नाही' हे उत्तर आधीच भरवलेले असते. त्याऐवजी, "इतका त्रास होत असताना काही जणांच्या मनात मरणाचे विचार येतात. तुमच्या मनात येतात का?" असे विचारले तर होकार द्यायला जागा राहते. प्रशिक्षणार्थींना ही वाक्ये मोठ्याने, पुन्हा पुन्हा उच्चारायला लावली जातात. सुरुवातीला अनेकांची जीभ अडखळते. ती वर्गात अडखळलेली बरी.

भाकीत नव्हे, समज

उत्तर 'हो' असे आले, तर पुढे काय? विचार किती वेळा येतो, त्याला काही निश्चित योजनेचे रूप आले आहे का, साधन हाताशी आहे का, पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का, अलीकडे काही मोठा आघात झाला आहे का, हे शांतपणे जाणून घ्यावे लागते. त्याचबरोबर, आजवर कशाने तग धरला, हेही विचारावे लागते. धाकट्या भावाची काळजी, एखादा जिवाभावाचा मित्र, अपुरे राहिलेले काम अशा धाग्यांनी माणूस जगण्याशी बांधलेला असतो. ते धागे त्याच्याच तोंडून यावेत, हे उत्तम.

पूर्वीच्या प्रशिक्षणात या माहितीवरून गुण देऊन व्यक्तीला 'कमी', 'मध्यम' किंवा 'तीव्र' जोखमीच्या रकान्यात बसवण्यावर भर असे. ही विभागणी वाटते तितकी भरवशाची नाही. पन्नास वर्षांतील ३६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्ञात जोखीमघटकांवरून एखाद्या व्यक्तीच्या आत्महत्येचे भाकीत करण्याची क्षमता निव्वळ योगायोगापेक्षा थोडीशीच अधिक असल्याचे त्यात दिसून आले. ब्रिटनमधील आरोग्यविषयक मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने तर २०२२ मध्ये, भाकितासाठी मोजपट्ट्या वापरू नयेत आणि त्यांच्या आधारे कोणाला उपचार द्यायचे हेही ठरवू नये, असे स्पष्ट केले.

मग जोखमीचा अंदाज घेणे निरर्थक ठरते काय? तसे नाही. प्रश्नावली ही संभाषणाला दिशा देते आणि महत्त्वाचा मुद्दा निसटू देत नाही. मात्र तिचे गुण हे त्या व्यक्तीचे भवितव्य नव्हे. 'कमी जोखीम' असा शेरा मारून फाइल मिटणे ही प्रशिक्षित समुपदेशकाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची चूक होय. या व्यक्तीला कशामुळे अधिक असुरक्षित वाटते आणि आज संध्याकाळपासून ती अधिक सुरक्षित राहावी यासाठी काय करता येईल, हा त्याच्यापुढील खरा प्रश्न असतो.

शपथ नको, योजना हवी

"मला वचन दे, असं काही करणार नाहीस," किंवा "आईची शपथ घे," असे सांगणे आपल्याकडे स्वाभाविक मानले जाते. अशा वचनांनी आत्महत्या टळतात, याला पुरावा नाही. उलट, वचन मोडण्याच्या अपराधी भावनेमुळे पुढच्या वेळी ती व्यक्ती बोलायचेच टाळू शकते. त्याऐवजी बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकी तज्ज्ञांनी विकसित केलेली 'सुरक्षा योजना' आता अनेक देशांतील प्रशिक्षणात शिकवली जाते.

ही योजना एका कागदावर, त्या व्यक्तीच्याच शब्दांत लिहिली जाते. तिचे सहा टप्पे असतात. संकट जवळ येत असल्याच्या खुणा, एकट्याने करता येण्याजोगे उपाय, मन वळवणारी माणसे व ठिकाणे, ज्यांच्याकडे उघडपणे मदत मागता येईल असे आप्त, व्यावसायिक मदतीचे क्रमांक आणि सभोवताल सुरक्षित करण्याची व्यवस्था. "मन रमवा" असा मोघम सल्ला इथे चालत नाही. "रात्री अकरानंतर अस्वस्थ वाटू लागले तर खोलीत एकटे न बसता आजीजवळ जाऊन झोपायचे" इतके नेमके लिहावे लागते. आणि हे शक्य नसेल तर काय अडचण येईल, हेही विचारावे लागते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत या योजनेला पाठपुराव्याच्या दूरध्वनींची जोड देण्यात आली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नेहमीच्या सेवेच्या तुलनेत पुढील सहा महिन्यांतील आत्महत्याविषयक वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी राहिले.

शेवटच्या टप्प्याबाबत नवखे समुपदेशक सर्वाधिक संकोचतात. ज्याला मरायचे आहे तो काही ना काही मार्ग शोधणारच, असे त्यांना वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. तीव्र आवेगाचा काळ पुष्कळदा अल्प असतो आणि तेवढ्या काळात धोकादायक वस्तू हाताशी नसणे निर्णायक ठरू शकते. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तेथील आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी घटला. समुपदेशक कायदा करू शकत नाही. शेतकरी कुटुंबाला फवारणीची औषधे काही दिवस दुसरीकडे कुलपात ठेवायला, किंवा पालकांना घरातील औषधांचा डबा स्वतःकडे घ्यायला मात्र तो सांगू शकतो. हे सांगताना घरच्यांच्या मनात भीतीऐवजी जबाबदारीची जाणीव निर्माण करणे, हेही शिकण्याचे कौशल्य आहे.

गुप्तता आणि कायदा

"सर, हे घरी सांगू नका," ही विनंती समुपदेशकाला पेचात टाकते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गुप्ततेचा हक्क मान्य केला आहे, पण जीविताला असलेला धोका टाळण्यासाठी आवश्यक तेवढी माहिती देण्यास मुभाही ठेवली आहे. 'आवश्यक तेवढी' हे शब्द इथे महत्त्वाचे. पालकांना धोक्याची कल्पना देणे आणि मुलीच्या मैत्रीचा सारा इतिहास उघड करणे, यांत अंतर आहे. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यानुसार ती कळवणे बंधनकारक आहे. म्हणूनच गुप्ततेच्या मर्यादा पहिल्या भेटीतच सांगाव्यात आणि घरी कळवायची वेळ आलीच तर ते त्या व्यक्तीला विश्वासात घेऊन, शक्यतो तिच्यासमोरच करावे, असे प्रशिक्षणात शिकवले जाते.

आत्महत्येचा प्रयत्न म्हणजे पोलिसांचे लचांड, ही भीती अनेक कुटुंबांना मदतीपासून दूर ठेवते. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या याच कायद्याच्या कलम ११५ नुसार, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. भारतीय दंड विधानातील कलम ३०९ हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जसेच्या तसे घेतलेले नाही. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न तेवढा शिक्षापात्र ठेवला आहे. ही माहिती समुपदेशकाच्या जिभेवर असेल, तर तो घाबरलेल्या पालकांना रुग्णालयापर्यंत नेऊ शकतो.

पाठपुरावा: साधा पण दुर्लक्षित उपाय

एक भेट झाली, योजना लिहिली, म्हणजे काम संपले असे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई आणि कोलंबोसह पाच देशांतील पाच ठिकाणी, आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १ हजार ८६७ व्यक्तींचा अभ्यास केला. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाशी त्याखेरीज सुमारे तासभर माहितीपर संवाद साधण्यात आला आणि पुढील अठरा महिन्यांत नऊ वेळा भेटून किंवा दूरध्वनी करून त्यांची विचारपूस करण्यात आली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नेहमीच्या उपचारांच्या गटात आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण २.२ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ते ०.२ टक्के होते. या उपायाला महागडी यंत्रे लागत नाहीत. कोणाला, कोणत्या तारखेला दूरध्वनी करायचा याची वही आणि ती वही पाळणारा माणूस लागतो. मोठ्या महाविद्यालयात एकच समुपदेशक नेमला आणि त्याच्याकडे प्रवेश, शिष्यवृत्ती व स्नेहसंमेलनाची कामेही सोपवली, तर या वहीचे काय होईल, हे सांगायला नको.

वर्गातून खोलीपर्यंत

हे सारे शिकवायचे कसे? व्याख्यानांनी माहिती मिळते, पण जीभ वळत नाही. म्हणून भूमिकानाट्याला पर्याय नाही. एक प्रशिक्षणार्थी संकटातील व्यक्ती होतो, दुसरा समुपदेशक आणि बाकीचे निरीक्षण करतात. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात उगम पावलेला 'असिस्ट' हा दोन दिवसांचा अभ्यासक्रम अशाच सरावावर आधारलेला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवरील १७ केंद्रांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. या अभ्यासक्रमातून गेलेल्या समुपदेशकांशी बोलल्यानंतर दूरध्वनी करणाऱ्यांची निराशा आणि आत्महत्येची भावना संवादाच्या अखेरीस अधिक प्रमाणात ओसरल्याचे त्यात आढळले.

मात्र दोन दिवसांचे शिबिर आणि भिंतीवरचे प्रमाणपत्र एवढ्यावर कौशल्य टिकत नाही. त्याला नियमित पर्यवेक्षणाची जोड हवी. याचा वस्तुपाठ शेजारच्या गोव्याने घालून दिला आहे. तेथील 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतील नैराश्याच्या रुग्णांसाठी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशक म्हणून तयार केले. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, या समुपदेशकांची मदत मिळालेल्या ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य तीन महिन्यांत ओसरले, तर केवळ नेहमीची सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. या समुपदेशकांच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण ऐकून सहकारी एकमेकांच्या कामाला गुण देत, चुका दाखवत आणि पुन्हा सराव करत. ही पद्धत या यशाच्या मुळाशी होती. शिक्षणसंस्थांतील समुपदेशक बहुधा एकटाच असतो. त्याचे काम ऐकणारे, सुधारणारे आणि अडचणीच्या रात्री त्याचा फोन उचलणारे कोणी नसते.

या एकटेपणाची किंमत त्यालाही मोजावी लागते. सर्व काही योग्य रीतीने करूनही एखादी व्यक्ती हातातून निसटू शकते. अशा वेळी 'तुझे कुठे चुकले?' अशी चौकशी संस्थेकडून होते, पण 'तू कसा आहेस?' असे क्वचितच विचारले जाते. मृत्यूनंतरच्या शोकाला सामोरे कसे जायचे, आपल्या मर्यादा कुठे संपतात आणि मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयात तातडीने कधी पाठवायचे, हेही अभ्यासक्रमाचाच भाग असायला हवे.

अर्थात, कर्ज, हुंडा, जातीवरून होणारी अवहेलना, परीक्षेचा जीवघेणा बाजार ही दुःखाची मुळे समुपदेशकाच्या खोलीत उपटता येत नाहीत. आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू २०३० पर्यंत दहा टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय धोरणात ठेवले आहे. ते गाठायचे तर शिक्षण, शेती, समाजकल्याण आणि आरोग्य या सर्वच खात्यांना हात लावावा लागेल. पण त्या मोठ्या बदलांची वाट पाहत असताना, आज दुपारी कोणीतरी समुपदेशकासमोर बसून "एकदाचं सुटावंसं वाटतं" असे म्हणणार आहे. महाविद्यालयांनी समुपदेशकाच्या नावाची पाटी लावताना त्याच्या सरावाची, पर्यवेक्षणाची आणि पाठपुराव्यासाठी लागणाऱ्या वेळेची तरतूद केली आहे का, हे पालकांनी विचारायला हवे. पाटीमागच्या माणसाला तो एक प्रश्न विचारता येतो की नाही, हे त्यावरच ठरणार आहे.

(मनात आत्महत्येचे विचार येत असल्यास किंवा परिचितांपैकी कोणाविषयी तशी काळजी वाटत असल्यास 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य संपर्क साधता येतो. तेथे मराठीतून बोलण्याची सोय आहे.)